शेजारची रिकामी खुर्ची

“हिला कडेला बसवू, हिच्या गळ्यात क्रूस आहे, भूत त्या बाजूनं येणारच नाही,” एक मैत्रीण माझ्याकडे बोट दाखवून दुसरीला म्हणाली आणि दोघी हसल्या. लोणावळ्याहून आम्ही तिघी सोमाटण्याजवळच्या थिएटरात भुताच्या सिनेमाच्या दुपारच्या खेळाला आलो होतो. गार हवेत पॉपकॉर्नच्या बटरचा वास दाटला होता. माझ्या डावीकडची खुर्ची रिकामी होती. चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर सांगायच्या, “सिनेमा निवडताना एवढंच बघा, शेजारच्या खुर्चीत येशू बसला तर चालेल का?” तिकिटं काढताना मला ते आठवलं होतं, पण नाही म्हटलं तर या दोघी पुन्हा बोलावणार नाहीत, म्हणून मी माझ्या तिकिटाचे पैसे काढून दिले. पडद्यावरची झपाटलेली मुलगी आमच्या घरात रोज संध्याकाळी म्हणतात तीच प्रार्थना घोगऱ्या आवाजात, खिदळत म्हणू लागली. मैत्रिणी मजेत किंचाळल्या. त्यांच्यासाठी ती नुसती गोष्ट होती, मला मात्र सगळं खरं वाटत होतं. मी गळ्यातला क्रूस मुठीत धरला. पडद्याकडे बघवेना, आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे तर त्याहून बघवेना. शेवटी मी उठले. “अगं, कुठे निघालीस? इंटरव्हल तरी होऊ दे,” म्हणत मैत्रिणीनं माझी ओढणी धरली. मी ती सोडवून घेतली, रिकाम्या खुर्चीकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “चल, आपण बाहेर जाऊ.”