बाबांनी वाळवलेले हातमोजे

बाबा इतवारीच्या बाजारात तांब्याच्या भांड्यांच्या दुकानात घासकाम करतात. दिवसभर चिंच आणि मीठ, त्यामुळे बोटांना कायम चिरा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लॅबमध्ये रबरी हातमोजे एकदा वापरून टाकून देतात, हे मी सांगितलं तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

"इतके चांगले हातमोजे फेकून राहिले तुम्ही? काहून वं?"

मग फक्त पाण्याच्या कामाला वापरलेले हातमोजे मी बाबांसाठी घरी आणू लागले.

अल्झायमरसारख्या आजारात मेंदूतली काही प्रथिनं एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. तांब्यामुळे त्या वाढतात का, हे मी परीक्षानळ्यांत पाहत होते. प्रथिनात तांबं घातलेली नळी गढूळ व्हायची, नुसत्या प्रथिनाची नितळ राहायची. शुक्रवारी लॅबच्या मॅडमना हे दाखवायचं होतं. नाही जमलं, तर प्रकल्प दुसऱ्याला जाणार होता.

गुरुवारी नितळ राहायची तीच नळी गढूळ झाली. दोनदा केलं, दोनदा तेच. रडू येत होतं. नाक पुसायला हात वर नेला आणि चिंचेचा वास आला.

लॅबमधला खोका संपला होता म्हणून मी बॅगेतली जोडी घातली होती. ती बाबांनी भांडी घासायला वापरून, मग धुऊन, दोरीवर वाळवून, घडी घालून परत बॅगेत ठेवलेली. आणि नळी हलवताना तिच्या तोंडावर मी अंगठा ठेवला होता!

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी हातमोजा हुंगला.

"वडील घडी सुरेख घालतात गं. पण दोष तांब्याचाच, हे दाखव आधी."

हातमोज्याचं धुवण प्रथिनात घातलं, नळी गढूळ. धातू धरून ठेवणारं रसायन त्या धुवणात आधी मिसळलं, तर नितळ. शुक्रवारी दोन्ही नळ्या मॅडमपुढे ठेवल्या. प्रकल्प माझ्याकडेच राहिला.

घरी हे सांगितलं तेव्हा बाबा घाबरले. "मंग तांब्याच्या गुंडातलं पाणी पिऊ नाही का?"

"तसं नाही बाबा. शरीराले थोडं तांबं लागतेच. नळीत झालं म्हणजे डोक्यात तसंच होते, असं नाही."

"मंग बरं. मले वाटलं, माया धंदाच बुडवते पोरगी."

आता हातमोजे घरी जातात, पण परत येत नाहीत. बाबांनी त्यांच्यासाठी मोरीजवळ वेगळा खिळा ठोकला आहे आणि माझ्या बॅगेला हात लावायच्या आधी ते विचारतात.