सोमवारी जास्त पडणारं ऊन

आमच्या गच्चीवर सोमवारी ऊन जास्त पडतं, असा शोध मी साठी ओलांडल्यावर लावला. वहीत रोजच्या नोंदी होत्या, त्यामुळे कुणी वेड्यात काढलं तरी मागे हटायची माझी तयारी नव्हती. मंगळवार ते रविवार आमचे सोलर पॅनेल जेमतेम पाच युनिट वीज देत होते आणि सोमवारी नऊ. सूर्य तोच, काच तीच, गच्ची तीच. माझी सगळी नोकरी शिरोलीच्या एका फाउंड्रीत माल तपासण्यात गेली. ओतलेल्या लोखंडाला भोक का पडलं हे शोधायचं आणि ज्याच्या हातून पडलं त्याच्याशी भांडायचं, एवढंच मला येतं. त्यामुळे ही सोमवारची भानगड माझ्या डोक्यातून जाईना.

आधी घरातलं सांगतो. घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि माझी थोरली बहीण, आक्का. आक्काचं सासर कबनूरचं, घरात चार यंत्रमाग. भावोजी गेले, माग विकले गेले, आणि अकरा वर्षांपूर्वी ती एक ट्रंक घेऊन आमच्याकडे राहायला आली. आल्या महिन्यालाच तिने जाहीर केलं की या घरातलं लाईट बिल ती भरणार. मागवाल्यांच्या घरात लाईट बिल म्हणजे घराची इज्जत. ते थकलं की मागाचा आवाज थांबतो आणि अख्ख्या गल्लीला कळतं. मी नको नको म्हणून पाहिलं, तिने ऐकलं नाही.

उन्हाळ्यात ती कुरडया, सांडगे, पापड करून द्यायच्या ऑर्डरी घेते. चटणीच्याही घेते. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षभर पुरणारं कांदा-लसणाचं लाल तिखट. त्याच्या मिरच्या आधी गच्चीवर खडखडीत वाळवाव्या लागतात. या कमाईतून ती महिन्याला पंधराशे-दोन हजारांचं बिल भरायची. बिल आलं की चष्मा लावून आकडा वाचायची, आम्हा दोघांकडे एकदा बघायची आणि पैसे टेबलावर ठेवायची. त्या दिवशी जेवताना तिचा आवाज जरा मोठा असायचा. भाकरी नीट भाजली नाही, हे माझ्या बायकोला ती त्याच दिवशी सांगू शकायची.

मागच्या दिवाळीत गल्लीतल्या एकाने छपरावर सोलर बसवलं आणि माझं कुतूहल चाळवलं. मी त्याच्याकडे इतक्या वेळा गेलो, की शेवटी शेवटी त्याच्या घरचे मला चहाही विचारेनात. दोन किलोवॅटचे चार पॅनेल, सरकारी अनुदान वजा जाता सत्तर-ऐंशी हजारांचा खर्च. आमच्या बिलाच्या मानाने तीन-चार वर्षांत पैसे वसूल, पुढची वीस वर्षं नुसता फायदा. दिवसा तयार झालेली जास्तीची वीज कंपनीच्या तारेत जाते आणि रात्री आपण वापरलेल्या विजेतून तेवढी वजा होते. हे ऐकल्यावर मला दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. आपण विकत घेतो ती वस्तू आपल्या डोक्यावर फुकट पडते आहे आणि आपण छत्री उघडून बसलोय, असं वाटून गेलं.

जानेवारीत मी खडू घेऊन गच्चीवर बसलो. पूर्वेला शेजाऱ्यांची नवी तीन मजली इमारत, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, मधे जिन्याची खोली. दर तासाला प्रत्येकाची सावली कुठवर येते याच्या रेघा मारल्या. बायको म्हणाली, लहानपणी चौकोन आखून ठिकरी खेळायला मिळाली नाही वाटतं. तिसऱ्या दिवशी नैऋत्येकडे एक चौकोन हाती लागला. तिथे सकाळी नऊपासून पाचपर्यंत सावली शिवत नव्हती. त्या चौकोनात सिमेंटवर तांबूस डाग होते. टाकीचा गंज असेल म्हणून मी ते लिहूनसुद्धा घेतले नाहीत. चार पॅनेल तिथे बरोब्बर मावत होते, मी खूश.

बसवायच्या दिवशी आक्का वर आली आणि वाळवणाचं काय, असं तिने विचारलं. टाकीच्या बाजूला भरपूर जागा आहे की, असं मी पाइप धरलेल्या फिटरकडे बघत सांगितलं. ती काही बोलली नाही. न बोलणं हा तिचा स्वभाव नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मार्चच्या सुरुवातीला पहिलं बिल आलं. वापरलेले युनिट सगळे वजा, नुसता स्थिर आकार, दीडशेच्या आत. मी बिल घेऊन घरभर नाचायचा तेवढा राहिलो. आक्का नेहमीसारखी पैसे घेऊन आली, चष्मा लावला आणि आकडा बघून तशीच उभी राहिली. मी हसून म्हणालो, राहू दे आता, एवढ्या चिल्लरचं काय, आणि तिच्यासमोरच फोनवरून भरून टाकलं. तिच्यावरचा भार उतरवला म्हणून मला त्या दिवशी स्वतःचं कौतुक वाटत होतं. ती पैसे मुठीत घेऊन आत गेली.

मग मार्चच्या मध्यात वीज घटली. मोबाइलवर दिवसभराच्या विजेचा आलेख दिसतो. सकाळी चढ, दुपारी माथा, संध्याकाळी उतार. माझ्या आलेखाचा माथा अकराच्या सुमाराला कुणीतरी खाल्ल्यासारखा तुटायचा आणि तीननंतर परत जुळायचा. निवृत्तीनंतर मी शाहूपुरीत मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात बसतो. गिऱ्हाईक बेअरिंग मागायचं आणि मी त्याला आलेख दाखवायचो. एकाने तर विचारलं, पेशंट कोण आहे?

पहिला संशय साखर कारखान्याच्या राखेवर. हंगामात ती गच्चीवर पडतेच. म्हणून रोज पहाटे पाइप लावून काचा धुतल्या. फरक शून्य. मग कबुतरांवर पाळत ठेवली. मग वहीत वारानुसार नोंदी लावल्या आणि हा सोमवार सापडला. फिटरला फोन केला. चाळिशीतला, माझ्या फोनांना पुरता वैतागलेला गृहस्थ. तो म्हणाला, सोमवारी एमआयडीसी बंद असते, लाइनवर भार कमी, त्याचा परिणाम असेल. मी म्हटलं, तसं असेल तर सोमवारी तारेतला दाब वाढून वीज उलट कमी घेतली जायला हवी. त्यावर तो म्हणाला की पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली पडली तरी बाकीच्यांचा जोर जातो, सावली शोधा. सावली! मी तीन दिवस खडूने रेघा मारल्या होत्या. मला रागच आला.

दुकान सोमवारी बंद असतं, म्हणजे मी घरी असतो, ही गोष्ट मात्र दोन आठवडे माझ्या वहीत कुठेच नव्हती. माल तपासणाऱ्या माणसाने स्वतःला तपासलं नव्हतं. एका बुधवारी बेअरिंगचा खोका फोडताना ते डोक्यात आलं आणि मी तसाच उठून घरी आलो. बारा वाजले होते. बायको दारातच म्हणाली, आज लवकर कसे, आधी जेवून घ्या. तिला एवढी काळजी एरवी नसते. मी सरळ जिना चढलो.

चारपैकी दोन पॅनेलवर धुतलेलं पांढरं धोतर अंथरलेलं होतं. एकावर ओळीने कुरडया, दुसऱ्यावर लाल मिरच्या. उतारावरून घसरू नयेत म्हणून खालच्या कडेला माझीच लोखंडी पट्टी आडवी लावलेली. आक्का पदर डोक्यावर घेऊन शेजारी उभी होती आणि घसरणारी एक कुरडई दोन बोटांनी वर सरकवत होती. मी ओरडलो. काचेला चरे पडतील, माझे पंधरा दिवस वाया गेले, मी कबुतरांच्या मागे लागलो होतो, असं बरंच काही.

“वरडू नगंस,” आक्का म्हणाली. “कुरडई वली हाय. मोडंल.”

टाकीकडे एवढी जागा दिली होती, तिथे काय झालं, असं मी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

“जागा दिलीस. ऊन कुठं दिलंस?”

मी टाकीकडे पाहिलं. तिथे आणखी एक धोतर होतं, त्यावरच्या कुरडया भुरकट पडलेल्या, बुरशीच्या. पूर्वेच्या इमारतीची सावली हलल्यावर टाकीची यायची. मला ते माहीत होतं. माझ्याच रेघा अजून तिथे होत्या. आणि मग पॅनेलच्या कडेला दिसणारे ते तांबूस डागही ओळखू आले. तो गंज नव्हता, मिरच्या होत्या, अकरा उन्हाळ्यांच्या. मला तीन दिवस खडू घेऊन जो चौकोन सापडला, तो आक्काने आल्या वर्षीच शोधून वापरायला घेतला होता. खर्च, अनुदान, युनिट, वसुली, सगळं मी मांडलं. ते ऊन आधीच कुणाच्या तरी कामाला लागलेलं आहे, हे तेवढं माझ्या मांडणीत नव्हतं.

ती पुढे बोलली तेव्हा आवाज मोठा नव्हता.

“ह्या घरात बिल तेवढं माझं हुतं. त्ये तू हासत हासत फोनवर भरलास. आता वाळवण बी ग्येलं तर मी हितं कोण? पावणी?”

मला फार लाज वाटली. उन्हात उभं राहून तिच्याबरोबर कुरडया उलटल्या, आणि खरं सांगतो, त्या अवस्थेतही काच किती तापते हे मी हात लावून बघितलंच. आक्का म्हणाली, सिमेंटवर दोन दिवस लागतात, हिच्यावर एका दिवसात कडक होतात. मी ते वहीत लिहिलं. दुपारी कळलं की बायकोला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. तू सांगितलं का नाहीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, तुम्ही विचारलंत कुठे, तुम्ही मोबाइलला विचारत होता.

दोन दिवसांनी फिटरला बोलावलं आणि चारपैकी दोन पॅनेल उन्हाच्या चौकोनातून काढून पूर्वेच्या कडेला बसवायला सांगितले. तो खाली वाकून माझे खडूचे आकडे वाचू लागला. आक्का जिन्याच्या पायरीवर मिरच्यांचे देठ मोडत बसली होती.

“पावणं, हितं दुपारपतूर शेजारच्यांची सावली हाय,” फिटर म्हणाला. “वायर बी येगळी टाकाय लागंल. आनि म्हैन्याला तीन-चारशे बिल ईल बघा. लोक बिल घालवाय सोलर लावत्यात की.”

मी म्हटलं, येऊ दे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता या गिऱ्हाइकाचा फोन उचलायचा की नाही हे त्याला ठरवावं लागणार होतं.

आक्काने देठ मोडायचं थांबवलं. “किती म्हणलासा?”

त्याने आकडा पुन्हा सांगितला. तिने तो मनाशी तोलला. पूर्वीच्या मानाने फार नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण चिल्लरही नव्हता.

“लई न्हाई,” ती म्हणाली. “पर मी भरतो.”

राहू दे गं, असं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. अकरा वर्षांत मी ते तिला किती वेळा म्हणालो असेन, आणि दर वेळी मला ते प्रेम वाटायचं. मी ते गिळलं.

“भर की,” म्हणालो.