यादीतली शेवटची ओळ

बारामतीत माझा दवाखाना होता, तेव्हा मनोविकारांवरचं एक मासिक मी विलायतेहून मागवत असे. बोटीनं यायला महिना लागायचा, पण त्यात छापून आलं की आम्हा डॉक्टरांचे वाद मिटायचे.

एका बाजाराच्या दिवशी अंथुर्ण्याचा एक माळवंवाला आला. त्यानं वांग्यांची पाटी उतरवली आणि तळातून लोखंडी साखळी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"भावकीनं दिलीया. धाकट्या भावाचं डोस्कं फिरलंय, त्याला बांधून घाल म्हंत्यात."

"मग?"

"न्हाय बांधला. पाटाचं पानी वाफ्याला द्याया संगं न्हेतो. हातात खोरं असलं की गप ऱ्हातो, वाफा भरला की हसतो. पर भावकी ऐकंना. तुमच्या बुकात काय लिवलंय, दाक्तरसाब?"

मी नवा अंक उघडला. रोग्याला बांधू नका, हाताला काम द्या, असा मोठा लेख त्यात आला होता. तो मी मराठीत सांगितला. नखांतली माती काढत तो ऐकत होता, तो एकदम ताठ झाला.

"म्हंजी सायबालाबी कळलं म्हनायचं!"

साखळी तिथंच टाकून तो गेला. न्यायला कधी आला नाही.

लेखाखाली, हा विचार आधी कोणी कोणी मांडला त्यांची नावं होती. त्या यादीखाली मी शाईनं एक ओळ वाढवली. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं, म्हणून एवढंच लिहिलं: 'अंथुर्ण्याचा एक शेतकरी. कुठंही न वाचता.'