टेसनआबा आणि न थांबणारी गाडी

आमच्या गावच्या रेल्वे स्टेशनासाठी ज्या माणसाने जिवाचे रान केले, त्याला फौजेतून परतल्यापासून रेल्वेत बसलेले कुणीच पाहिले नव्हते. पेन्शनच्या कामाला साताऱ्याला जायचे असो की दवाखान्यासाठी सांगलीला, आबा जायचे ते एसटीने. तरी गाव त्यांना टेसनआबाच म्हणायचे, आणि त्यात निम्मी चेष्टाच असायची.

कोरोनात पॅसेंजर बंद पडली. पुढे सुरू झाली, पण आमच्या थांब्यावर थांबेना. शिट्टी मारायची आणि ओळख नसल्यासारखी निघून जायची. लोकांनी चार दिवस हळहळ केली आणि मोटरसायकली काढल्या. आबांनी मात्र खराटा काढला. रोज सकाळी दाढी करून, बूट घासूनपुसून ते स्टेशनावर जायचे, गवत उपटायचे, बाकडे पुसायचे आणि गाडी येताना दिसली की ताठ उभे राहायचे.

मी एकदा विचारले, "आबा, गाडी थांबत नाही, मग झाडता कशाला?"

"मास्तर, चौकी रिकामी दिसली की ती गेलीच म्हनून समजा."

शाळेतून निवृत्त झाल्यावर गावचे अर्ज लिहायचे काम माझ्याकडे आले होते. आबांचा अर्ज ठरलेला: थांबा पुन्हा द्या, गाड्या वाढवा. मजकूर माझा आणि हेलपाटे त्यांचे. कचेरीतल्या साहेबांनी विचारले, "तुमच्या गावातून प्रवासी किती मिळतील?" आबा म्हणाले, "आदी गाडी थांबवा, मग मोजा. दार लावून घ्यायचं, न् पावनं का येत न्हाईत म्हनायचं, ह्यो कुठला न्याय?" साहेब हसले, अर्ज मात्र होता तिथेच राहिला.

हा माणूस एवढे का करतो, याचे कुतूहल गावाला होतेच. कुणी म्हणे, सरपंचकीची तयारी चाललीय. कुणी म्हणे, स्टेशनालगत आबांची उसाची पट्टी आहे, उद्या तिथे प्लॉट पाडतील. खोटे कशाला बोलू, प्लॉटचे मलाही थोडे पटले होते.

खरे कारण मला त्यांच्या ओसरीवर कळले. मी बसलो असताना फोन आला. पलीकडे आबांची थोरली बहीण, आक्का. कुंडलच्या बाजूला दिलेली. आबांच्या फोनचा आवाज मोठा असायचा, त्यामुळे मलाही सगळे ऐकू आले. "आता काय माझं येनं हुईत न्हाई, बाबा. तूच येत जा," ती म्हणत होती.

आक्काला एसटी लागायची. जीपमध्येही तेच, दार बंद झाले की तिच्या पोटात ढवळायला लागे. रेल्वे तेवढी सोसायची. त्यामुळे गाडी थांबायची बंद झाली आणि आक्काचे माहेरच तुटले.

मी म्हणालो, "तुम्ही जाताच की तिकडे."

"आवं, भावानं बहिनीच्या दारात जाऊन भाकरी खाल्ली, म्हंजे तिचं माहेर झालं व्हय?" आबा म्हणाले. मला माझ्या प्लॉटच्या संशयाची फार लाज वाटली.

अखेर थांबा मंजूर झाला. तेव्हा आमच्या गावाने जे केले, ते आमचेच गाव करू जाणे. केळीचे खुंट, हलगी, पेढे, ड्रायव्हरला फेटा, गार्डला फेटा आणि मधोमध फेटा बांधलेले आबा. इंजिनाला नारळ फुटला. गाडीच्या दारादारात पोरे फोटो काढायला लोंबकळली. पुढाऱ्याचे भाषण रंगात आले आणि गाडी सुटलीसुद्धा. शेवटच्या डब्याच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडत पुढे गेली, "आरं मुडद्यांनो, मला उतरू द्या की रं!"

ती आक्का होती. साऱ्या गावाने गाडीचा सत्कार केला आणि जिच्यासाठी गाडी आणली, तिलाच पुढे पाठवून दिले. आबा फेट्यासकट मटकन खाली बसले. फोन लावला तर आक्का पुढच्या स्टेशनावर उतरून खुशाल चहा पीत होती. म्हणाली, "सांजच्या गाडीनं माघारी येते. तवा तरी हलगी बंद ठिवा."

संध्याकाळी स्टेशनावर आबा आणि मी, दोघेच. गाडी थांबली, आक्का दारात आली आणि तिथेच अडली. आमचा फलाट बुटका. पायरी आणि जमीन यांत केवढे तरी अंतर, आणि तिचे गुडघे दुखरे. आबांनी इकडेतिकडे पाहिले नाही. सरळ एक गुडघा टेकला आणि दुसरा पुढे केला.

"ठिव पाय."

"धोतर मळंल की रं."

"ठिव म्हनतो न्हवं!"

आक्का त्यांच्या मांडीवर पाय देऊन उतरली. उतरल्या उतरल्या म्हणाली, "फेटा बांधून नवरदेव झालास, न् बहीन गेली फुडं!" आबांना हसायचे होते, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागले. आक्काने पदराने त्यांचे तोंड पुसले, अगदी लहान पोराचे पुसावे तसे.

त्यानंतर आक्का आठ-आठ दिवस राहून जायची. असे तीन-चारदा झाले आणि एका थंडीत ती गेली. मला वाटले, आता आबांचा खराटा सुटेल. पण तिचे दिवस उरकून आले आणि दुसऱ्या सकाळी ते स्टेशनावर हजर. आज आबाही नाहीत. गाडी मात्र थांबते. कॉलेजची पोरे, भाजीवाल्या बायका चढतात-उतरतात, आणि मला दर वेळी आबांनी लिहायला लावलेला शेवटचा अर्ज आठवतो.

आक्काला जाऊन महिनाही झाला नव्हता. आबा माझ्या ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, लिवा. फलाट उंच करा म्हनावं."

मला राहवले नाही. मी विचारले, "आता कुणासाठी, आबा?"

ते माझ्याकडे बघतच राहिले, एवढे साधे याला कसे कळत नाही म्हणून.

"आवं, माझी आक्का गेली," ते म्हणाले. "गाडीत बाकीच्यांच्या हाईत की."