अतिरिक्त कार्यभार

रिकाम्या खुर्चीवर आमच्या मामेसासऱ्यांइतका राग धरणारा माणूस अख्ख्या जावळी तालुक्यात सापडायचा नाही. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन मेढ्याच्या वरच्या अंगाला शेतातच घर बांधून राहिलेले हे गृहस्थ. पुढचा माणूस पडला की मागचा लगेच त्याच्या जागी उभा राहतो, एवढं एकच शास्त्र त्यांनी फौजेतून घरी आणलं आणि त्याचा सगळ्यांना धाक घातला. मामी माहेरी निघाल्या की चुलीचा चार्ज धाकट्या सुनेकडे, हे एसटी यायच्या आधी अंगणात उभं राहून जाहीर व्हायचं. माझ्या लग्नात तर ऐन मुहूर्तावर त्यांनी भटजींना विचारलं, "तुमाला चक्कर आली तर फुडच्या मंगलाष्टका कोन म्हननार?" भटजींना खरोखरच घाम फुटला.

एखादा मंत्री पायउतार झाला की मात्र गंमत संपायची. पेपर आपटून ते मला फोन करायचे. "पाव्हनं, शपथ घेतानाच मागं कोन हाय ते सांगाय नगं? आन् त्यो मागचाबी मत घालून आमीच निवडनार. खुर्ची मोकळी झाल्याव मानूस हुडकत बसत्यात, ही काय सोयरीक हाय व्हय?" 'अतिरिक्त कार्यभार' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागे. "ज्याला सोताचं वझं उचलंना, त्याच्या डोस्क्याव दुसऱ्याचं!"

आम्हाला हसणं सोपं होतं, आमच्या दारापर्यंत डांबरी रस्ता होता. त्यांची वाट शेजाऱ्यानं चर खोदून अडवली होती. तहसीलदारांनी ती मोकळी करायचा हुकूम दिला, शेजाऱ्यानं मुंबई गाठून मंत्र्यांकडून स्थगिती आणली, आणि सुनावणीच्या आतच मंत्र्यांनी राजीनामा दिला. खातं दुसऱ्या मंत्र्याकडे गेलं, अतिरिक्त म्हणून. त्याला सवड नव्हती. नवा माणूस कुणाचा, यावर तिकडे महिनोन् महिने रस्सीखेच चालली; स्थगिती तेवढी जागची हलली नाही.

त्या पावसाळ्यात मामींच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स चराच्या पलीकडेच थांबली. मुलांनी त्यांना घोंगडीत घालून चिखलातून नेलं. गाडीपर्यंत पोचेतो सगळं संपलं होतं.

पुढे नवा मंत्री आला, निकाल मामांच्या बाजूनं लागला. चर बुजला, मुरूम पडला. मी पहिल्यांदाच गाडी थेट अंगणात नेली, तेव्हा वाटलं, आता सरकारला चार शिव्या हासडतील. ते ओट्यावरून उतरले, गाडीचं मागचं दार उघडून आत बघत राहिले.

"आडवी मावली असती की," म्हणाले.

मग त्यांनी दार लावलं, आत झोपलेल्याची झोप मोडू नये इतक्या हळू.