न पेटलेल्या दिव्याची खूण

माझ्या ईशाच्या तिसरीच्या वर्गाने पुठ्ठ्याची घरं मांडली होती. प्रत्येक घरात सेलवरचा इवलासा एलईडी दिवा पेटला होता. ती मुलांनीच केलीत, हे मला काही खरं वाटेना. इतक्या सरळ कडा, इतक्या नेटक्या वायरी! दिवा आधी पेटत नाही, रडवतो, मग कधीतरी पेटतो. इथे तो न पेटल्याची कुठे खूणच नव्हती.

एकच घर वाकडं होतं, चिकटपट्टीने माखलेलं. शेजारी उभ्या मुलीला मी विचारलं, "हे तूच केलंस?"

"हो काका. दिवा उलटा लावला की पेटतच नाही. मी तीनदा उलटा लावला. ईशाचा कितव्यांदा पेटला?"

"पहिल्यांदाच," मी म्हणालो, आणि डिंक वाळलेला अंगठा खिशात घातला.