हिरो हलला नाही

कॉमिकमधल्या हिरोला घाम येत नाही. मला आला, आणि तो डोळ्यांत उतरायला लागला तेव्हा पुसायची सोय नव्हती, कारण मुखवटा मानेशी शिवून टाकलेला होता. दापोड्याच्या गोदामात भर दुपारी, अंगाला चिकटलेला काळा पोशाख, कमरेला तांबडा पट्टा आणि पाठीवर फडफडायला एक कापड लावून मी, वय वर्षं बावन्न, जगाचं रक्षण करायला उभा होतो.

निमित्त सुरक्षा सप्ताहाचं. दर वर्षी आमच्या गोदामात पोस्टर लागतात, शपथ होते, बिस्किटं वाटतात. यंदा मॅनेजरसाहेबांना फिल्म हवी होती. डिस्पॅचला कॉम्प्युटरवर बसणारा एक जण सुट्टीच्या दिवशी लग्नांचं शूटिंग करतो, तो आपोआप दिग्दर्शक झाला. चहाच्या वेळी कधीतरी मी त्याला माझ्या लहानपणच्या हिरोबद्दल सांगून बसलो होतो. नारपोलीत एका पानवाल्याकडे कॉमिक्स भाड्यानं मिळायची, त्यातला हा हिरो मला पानन् पान पाठ. डोक्यापासून हनुवटीपर्यंत काळा मुखवटा, डोळ्यांच्या जागी दोन फटी. चेहरा कधी कोणाला दाखवायचा नाही, हे त्याचं व्रत. दिग्दर्शक म्हणाला, "काका, हाच घेऊ. आणि हिरो तुम्हीच."

मग पंधरा दिवस आम्ही भांडलो. कागदावर हिरो मारामारी करता करता चार ओळींचा विचार करतो. डोक्यावर ढग काढला की झालं. फिल्ममध्ये ढग कुठं काढायचा? दिग्दर्शक म्हणाला, मागून आवाज देऊ. मी म्हणालो, तो विचार नाही वाटणार, एसटी स्टँडवरची घोषणा वाटेल. मग उडण्याचा प्रश्न आला. चित्रात हिरो एका चौकटीत जमिनीवर असतो, पुढच्या चौकटीत छपरावर. मधलं काय ते वाचणारा बघून घेतो. आम्हाला नेमकं ते मधलंच दाखवायचं होतं आणि आमच्याकडे होती सामान चढवायची लिफ्ट. तिच्यावर मी उभा राहिलो की एसी दुरुस्त करायला आलेला माणूस दिसायचो. उडणं रद्द झालं.

दोन गोष्टींवर मात्र मी हटलो नाही. एक म्हणजे आवाज पडद्यावर अक्षरांनी लिहायचे: धाड, फट्, पों. कॉमिकमध्ये आवाज दिसतो, ऐकावा लागत नाही, म्हणून तर मला ती अजून आवडतात. दुसरी गोष्ट मुखवट्याची. दिग्दर्शकाला अर्धा चेहरा उघडा हवा होता. "काका, लोकांना चेहरा लागतो." मी म्हणालो, "चेहरा दिसला की गोष्ट संपली." स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

कारण मला ऐकू येत नाही. डावा कान पार गेलेला आहे, उजव्याला अगदी जवळ येऊन बोललं तर थोडंफार. नारपोलीत उभी हयात कापडाचे लूम चालवले त्याची ही कमाई. लूमच्या खडखडाटात कोणी कोणाचं ऐकत नाही. तिथं सगळे ओठ वाचतात आणि हातानं बोलतात. कांडीवरचं सूत संपलं तर दोन बोटं, मुकादम आला तर मिशीला हात. कान कधी गेले ते मला कळलंसुद्धा नाही, कारण तिथं त्यांचं काही कामच नव्हतं. शेठनं लूम भंगारात काढले आणि मी दापोड्याला आलो, तेव्हा कळलं.

नोकरीला लागताना डॉक्टरनं डोळे बघितले, बीपी बघितलं, कानांचं विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. फोर्कलिफ्ट फिरतात तिथं बहिऱ्याला कोण ठेवणार? आणि या वयात दुसरीकडे कोण घेणार? घरी बायकोला ठाऊक, बस. तेव्हापासून भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, सगळे हसले की हसायचं. करोनात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा तर माझे हाल कुत्रा खात नव्हता. लोक म्हणायचे, हा माणूस काय लक्ष देऊन ऐकतो! त्या कौतुकाचा मला वीट आला होता.

मुखवटा शिवला पॅकिंगच्या एका बाईनं. ती डोंगरातल्या पाड्यावरून येते. पोत्यांची तोंडं शिवण्यात तिचा हात धरणारं गोदामात कोणी नाही. मागची चेन कॅमेऱ्यात दिसते म्हणून दिग्दर्शकानं चेन काढून टाकली आणि तिला मानेशी टाके घालायला सांगितले. तिनं दाभण काढलं आणि मला आत बंद केलं. फटींतून नाकासमोरचं तेवढं दिसत होतं. आजूबाजूचं नाही, फरशी नाही, कोणाचे ओठ नाहीत. आत लावलेल्या फोमनं उरलासुरला कानही बुजला. काढा हे, असं ओरडावंसं वाटलं. पण का काढा, याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

शॉट साधा होता. डॉकजवळ, जिथून गाड्या भरतात, तिथं मी कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. मागून फोर्कलिफ्ट रिव्हर्समध्ये येणार. हॉर्न वाजला की वळायचं आणि हात वर करून तिला थांबवायचं. मी दिग्दर्शकाला सांगून ठेवलं होतं, तुम्ही समोरून खूण करा, मला बरं पडतं. तो हो म्हणाला आणि ऐन वेळी कॅमेरा घेऊन बाजूला सरकला. माझ्यासमोर नुसती भिंत राहिली. मी खुणेची वाट बघत उभा. मग पाठीवरचं कापड कशाला तरी घासलं.

वळलो तर फोर्कलिफ्ट वीतभर अंतरावर थांबलेली. ड्रायव्हरचं तोंड उघडं. माणसं धावत आली, फटींतून त्यांचे हात दिसत होते, खांदे दिसत होते, कोण काय बोलतंय ते एक अक्षर कळत नव्हतं. नोकरी गेली, एवढंच मनात आलं. बाईनं ब्लेडनं टाके कापले, मुखवटा निघाला आणि दिसलं की सगळे टाळ्या वाजवतायत. मॅनेजरसाहेब म्हणत होते, "क्या जिगर है! हिला भी नहीं!" एकटी ती बाई हसत नव्हती.

शनिवारी कँटीनच्या टीव्हीवर फिल्म लागली. दिग्दर्शकानं शब्द पाळला होता. माझ्यामागून येणारी फोर्कलिफ्ट आणि लाल अक्षरांत: पों. मग त्याहून मोठं: पों. मग पडदाभर: पों. आणि मी आपला कमरेवर हात ठेवून उभा. हॉर्न एकदाच वाजला असेल अशी मी स्वतःची समजूत घातली होती. तो तीनदा वाजला होता. कँटीन टाळ्या पिटत होतं.

टाळ्या थांबायच्या आत साहेबांनी मला पुढं बोलावलं आणि एक चमकणारं जाकीट अंगावर चढवलं. सोमवारपासून मी डॉकवर सेफ्टी मार्शल. हॉर्न ऐकायचा, शिट्टी मारायची, माणसांना बाजूला काढायचं. "आपसे अच्छा कौन!" साहेब म्हणाले. मी हसलो, कारण सगळे हसत होते. साहेबांनी जाकिटाची चेन स्वतःच्या हातानं गळ्यापर्यंत ओढली.

हात धुवायच्या नळावर ती बाई आली आणि माझ्या समोर येऊन उभी राहिली. तेव्हा लक्षात आलं, ती माझ्याशी नेहमी समोर येऊनच बोलायची.

"दादा, तुला ऐकाया येत न्हाय," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय. माझा बापूस बी तसाच व्हता."

मी सवयीनं हसायला गेलो.

"हसू नको. आजवर डॉकवर समदी मागं बघून जायची. आता तू उभा हायेस म्हणून कोनी बघणार न्हाय. मी बघेन, मला म्हाईत हाय. बाकीच्यांना कोन सांगेल?"

मी नळ बंद करून निघालो. मला तिचा राग आला होता. रविवारभर येत राहिला, जेवतानासुद्धा. बायकोनं विचारलं तर तिच्यावरही खेकसलो.

सोमवारी सकाळी जाकीट हातात घेऊन साहेबांच्या केबिनकडे निघालो. दोनदा दारापासून परत फिरलो, तिसऱ्यांदा आत गेलो. साहेब मोबाईलवर काहीतरी टाईप करत होते.

"साहेब, मला ऐकू येत नाही," मी म्हणालो. हिंदी सुचलीच नाही. आवाज केवढा निघाला कोण जाणे, काचेपलीकडची माणसं थबकून बघायला लागली.

साहेब काहीतरी बोलले. पण मान खाली, नजर मोबाईलवर. हनुवटी हलली तेवढी दिसली. असं झालं की इतकी वर्षं मी 'जी साहेब' म्हणून निघून यायचो. आताही तेच ओठांवर आलं होतं.

"साहेब," मी म्हणालो, "वर बघून बोला."